कंपनी कशी आहे?

माझ्या पोटच्या पोरीचं गुपित जावयाला ठाऊक आहे आणि मला नाही, हे ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी आमटीत मीठ घालायला विसरले. विसरले की मुद्दाम घातलं नाही, ते माझं मलाच अजून ठरवता आलेलं नाही. श्रीनाथराव बिचारे गुणी, वरून मीठ घेऊन मुकाट्याने जेवले.

आधी माझ्याबद्दल सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल. मी वासंती. आमचे हे गेल्यापासून वर्षातले काही महिने पुण्यात आणि काही महिने ऑकलंडला लेकीकडे, अवोन्डेलमध्ये असते. स्वभावाने मी चौकस आहे. लोक भोचक म्हणतात, पण त्यात फरक आहे. भोचक बाई एकीचं ऐकून दुसरीला सांगते. मी ऐकते आणि ठेवून घेते. पुण्यात आमच्या भागातल्या वधू-वर सूचक मंडळात स्थळांची चौकशी करण्याचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडे होतं, ते काही उगाच नाही.

चौकशी ही एक कला आहे. आपल्याकडे तोंडावर कुणी कुणाचं वाईट सांगत नाही. ठरत आलेलं लग्न मोडल्याचं पाप कोण घेणार? पण कळायचं ते कळतं. मुलाबद्दल विचारावं आणि शेजारीण त्याच्या आईच्या पुरणपोळ्यांचं कौतुक करायला लागली, तर समजायचं. भिंतीला भिंत लावून राहणारा माणूस 'आमचं फारसं जाणं-येणं नाही हो' म्हणाला, तर चहाची वाट न पाहता उठायचं. सगळं खरं असंच मिळायचं, न बोललेल्या भागातून. आणि एवढी विद्या गाठीशी असताना माझ्याच घरात काय चाललंय ते मला कळेना.

वल्लरी, माझी एकुलती एक लेक, मशिनं डिझाइन करणारी इंजिनिअर. ईस्ट टामाकीत पॅकिंगची मशिनं बनवणारी एक कंपनी आहे, तिथे होती. पहिल्या वर्षी नुसतं कौतुक चालायचं, मशीन असं आणि मशीन तसं. आणि या खेपेला मी येऊन बघते तर बाईसाहेब भर आठवड्यात घरी. सकाळी उशिरा उठायचं, जँडल्स, म्हणजे इथल्या स्लिपर, अडकवून मागच्या अंगणात जायचं, फेइजोआच्या झाडाखाली पडलेली फळं बादलीत गोळा करायची, आणि त्या बादलीकडेच बघत बसायचं.

"नोकरी सोडलीस?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"हो."

"का?"

"आई, ते विचारायचं नाही. मला सांगता येत नाही."

बरं. मी मग आडून चौकशी सुरू केली. दिवस गेलेत का, ते पाहिलं. नाही. नवरा-बायकोत बिनसलंय का, ते पाहिलं. तेही नाही, उलट श्रीनाथराव तिच्यासाठी सकाळचा चहा करून ठेवून कामावर जात होते. मग हिच्याच हातून काही मोठी चूक झाली असेल आणि हिला काढलं असेल, असं माझ्या मनानं घेतलं. खरं सांगते, मला त्याची लाज वाटली. लेकीची नोकरी का गेली ते विचारलं तर काय सांगायचं, या धास्तीने मी इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला जायचंही टाळलं.

आणि नेमका त्याच वेळी वसुंधराचा फोन आला. वसुंधरा पामर्स्टन नॉर्थला राहते, तिचे यजमान तिथे संशोधन संस्थेत आहेत. गेल्या गणपतीत ऑकलंडला आमची ओळख झाली आणि तेव्हापासून दर रविवारी फोन असतो. मी नुकतीच अवोन्डेलच्या बाजारातून मेथी आणि कारली घेऊन आले होते.

"वासंतीताई, एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "आमच्या प्रणिताला नोकरीची ऑफर आलीय. ईस्ट टामाकीला. वल्लरी होती ना, तीच कंपनी. म्हटलं तुमच्याइतकं आतलं कोण सांगणार? कंपनी कशी आहे?"

स्थळाबद्दल विचारतात तसाच तिचा स्वर होता. माणसं कशी आहेत, वरचे साहेब कसे आहेत, मुलीला जाच तर नाही ना होणार. पोरगी शिकून नुकतीच बाहेर पडलेली, पहिली नोकरी, आईबापांपासून लांब. आणि मी काय केलं? आपल्याला काही ठाऊक नाही हे कबूल करायचं माझ्या जिवावर आलं. स्वतःच्या लेकीने का सोडली तेच हिला माहीत नाही, असं वसुंधराला वाटलं असतं ना! मी म्हणाले, "अगं, सोन्यासारखी कंपनी. डोळे झाकून पाठव. वल्लरीनं सोडली ती तिला जरा विश्रांती हवी होती म्हणून."

आयुष्यभर मी चौकशीला दिलेल्या उत्तरांमधली खोट हुडकली, आणि माझी पाळी आली तेव्हा असं धडधडीत ठोकून दिलं.

रात्री जेवताना मी मोठ्या उत्साहाने बातमी सांगितली. प्रणिता येणार, जूनमधल्या किंग्ज बर्थडेच्या सुट्टीनंतर रुजू होणार, इथे जवळच खोली बघायची, आणि मी कंपनीची कशी छान शिफारस केली. वल्लरीचा घास हातातच राहिला.

"काय सांगितलंस तू?"

"सोन्यासारखी कंपनी म्हणाले. का? पहिल्या वर्षी तूच नव्हतीस का म्हणत?"

ती उठली. हात धुतला आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मी श्रीनाथरावांकडे पाहिलं, ते पानाकडे पाहत होते. मी काही दूधखुळी नाही. तिथे काहीतरी वाईट झालंय हे मला त्या क्षणी कळलं, आणि ते माझ्या लेकीच्या हातून झालेलं नाही, तिच्यावर झालंय, हेही कळलं. आणि मी दुसऱ्याची मुलगी तिथे पाठवायला निघाले होते.

दुसऱ्या दिवशी श्रीनाथराव घरून काम करत होते. मी त्यांच्यापुढे चहाचा कप ठेवला आणि तिथेच खुर्ची ओढून बसले.

"श्रीनाथराव, तुम्हाला ठाऊक आहे."

"आई, प्लीज."

"काय झालं ते विचारत नाही. सांगता का येत नाही, तेवढं विचारते."

एवढं सांगायला त्यांची हरकत नव्हती. वल्लरीने कंपनीविरुद्ध तक्रार केली होती. वकीलबाई धरल्या, सरकारचा मध्यस्थ बसला, त्याला इथे मीडिएटर म्हणतात, आणि तडजोड ठरत आली. कंपनी काही पैसे देणार, चांगलं शिफारसपत्र देणार. बदल्यात वल्लरीने झाल्या गोष्टीबद्दल कुठेही तोंड उघडायचं नाही. कागदाचा मसुदा तयार होता. गुरुवारी मीडिएटर तिला फोन करणार, सगळं नीट समजलंय ना ते विचारणार, आणि ती हो म्हणाली की सही करणार. त्याची सही झाली की मामला कायमचा बंद. तोपर्यंतही गप्प राहायचं दोन्हीकडून ठरलं होतं.

मला भारीच नवल वाटलं. गप्प बसायचा कागद! आपल्याकडे लोक फुकट गप्प बसतात.

"म्हणजे कुण्णाकुण्णाला सांगायचं नाही?" मी विचारलं.

"तसं नाही. काही लोकांना चालतं."

"पोलिसांना?"

"हो. गुन्ह्याची गोष्ट असली तर पोलिसांकडे जायला असा कागद अडवू शकत नाही, असं वकीलबाई म्हणाल्या."

"डॉक्टरला?"

"हो. डॉक्टर, वकील, काउन्सेलर, तशी सूट लिहिलीय."

"नवऱ्याला?"

"हो."

"आईला?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "तसं लिहिलेलं नाही, आई."

"वा! नऊ महिने पोटात वागवलं ती यादीतच नाही, आणि काउन्सेलर आहे! आणि प्रणिताला? ती तिथे कामाला जाणार आहे, तिला?"

"तिला तर नाहीच," ते म्हणाले. "आई, वल्लरीला हे संपवायचंय हो. तिला झोप लागत नाही. ते शिफारसपत्र मिळालं की ती दुसरीकडे अर्ज करेल. आम्ही खूप विचार केलाय."

त्यांचा आवाज इतका दमलेला होता की मी पुढे बोलले नाही. त्या दिवशीच आमटीचं मीठ राहिलं.

मंगळवारी वसुंधराने वल्लरीलाच फोन लावला. तिचं बरोबर होतं. शेजाऱ्याला विचारून झालं की प्रत्यक्ष घरात नांदून आलेल्या माणसालाही विचारावं, हे मीच तिला कधीतरी शिकवलं असणार. वल्लरी ओट्याशी फेइजोआ कापत होती, हात चिकट, म्हणून तिने फोन स्पीकरवर टाकला. दोघी छान गप्पा मारत होत्या. थंडी पडायला लागली, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने, इथे त्याला डेअरी म्हणतात, नवी मसाल्याची पाकिटं ठेवलीत, असलं काहीबाही. मग वसुंधराने विचारलं, "काय गं वल्लरी, कंपनी कशी आहे?"

वल्लरीचा हात थांबला. आणि माझी लेक, जी रागावली की अस्सल पुणेरी मराठीत रागावते आणि रडली तरी मराठीतच रडते, ती एकदम इंग्रजीत म्हणाली, "आय लेफ्ट टु परस्यू अदर ऑपॉर्च्युनिटीज, अँड आय विश द कंपनी वेल."

मी चमकले. बँकेला फोन लावला की पलीकडून बाई बोलते ना, तसा तो आवाज होता.

"हो का? छान, छान!" वसुंधरा खूश झाली. "मग आता काळजी नाही."

फोन बंद झाला. वल्लरी सुरी हातात धरून तशीच उभी राहिली आणि मग घळाघळा रडायला लागली. मी तिला खुर्चीत बसवलं. काही विचारलं नाही, हे मला फार जड गेलं.

"तू विचारू नकोस, मी सांगणार नाही," ती म्हणाली. "पण एक गोष्ट सांगते, ती त्या कागदाच्या आधीची आहे. मी ही नोकरी घेतली तेव्हा मी पण चौकशी केली होती, आई. तुझीच मुलगी ना मी. माझ्या आधी त्या जागेवर एक अनुष्का होती, आपलीच, मराठी. मंडळाच्या ग्रुपवरून नंबर मिळवला. वेलिंग्टनला गेली होती ती. इतकी गोड बोलली सुरुवातीला. आणि मी विचारलं, कंपनी कशी आहे, तर एकदम इंग्रजी."

"काय म्हणाली?"

"हेच. शब्दन् शब्द हेच. मी फोन ठेवून श्रीनाथला म्हटलं, काय शिष्ट बाई आहे, मराठीत विचारलं तर इंग्रजी झाडते. आणि मागच्या आठवड्यात माझा मसुदा आला. त्यात लिहिलंय, कुणी विचारलं तर एवढंच वाक्य बोलायचं. मी ते वाक्य वाचलं आणि मला अनुष्काचा आवाज ऐकू आला."

 न बोललेलं ओळखण्याचा मी गर्व करत होते. पण आपल्या शेजाऱ्यांच्या गप्प बसण्यात निदान एक फट असायची, ऐकणाऱ्यासाठी मुद्दाम ठेवलेली. या लोकांनी ती फटच बुजवून टाकली होती. वाक्यच असं करून दिलं होतं की ऐकणाऱ्याने खूश होऊन फोन ठेवावा.

"मी वसुंधराला सांगते," मी म्हणाले.

"काय सांगशील? तुला काय माहीत आहे?"

खरंच की. मला काहीच माहीत नव्हतं.

"आणि तू काही बोललीस तर ते माझ्याकडूनच गेलं, असं होईल. ते मागे हटतील. आई, मी थकलेय गं. गुरुवारी हो म्हणते आणि सुटते."

रात्री मी पुष्कळ विचार केला. दुसऱ्याचं गुपित फोडायचा हक्क मला नव्हता, पण माझा स्वतःचा शब्द तर मला मागे घेता येत होता. बुधवारी मी वसुंधराला फोन लावला.

"वसुंधरा, मी त्या दिवशी कंपनीबद्दल जे बोलले ना, ते माहिती नसताना बोलले. ते सोडून दे. मी काही बोललेच नाही असं समज."

"म्हणजे? आता काही कळलं का तुम्हाला?"

"नाही. काहीच कळलेलं नाही. म्हणून तर सांगतेय."

 पुण्यातल्या चौकशीत एवढं पुरलं असतं, मुलीच्या बापाने पत्रिका परत मागितली असती. पण वसुंधरा हसली. "वासंतीताई, तुम्ही पण ना! अहो, खुद्द वल्लरीच म्हणाली की विश देम वेल. प्रणितानं राहता फ्लॅट सोडायची नोटीसपण दिली, सध्या आमच्याकडेच आलीय. ती म्हणते, स्वीट अॅज, एकदम झकास."

स्वीट अॅज! मी फोन ठेवला आणि मला स्वतःचा इतका संताप आला की काय सांगू. माझ्या सोन्यासारख्या शब्दाने पोरगी निघाली होती, आणि वल्लरीच्या वाक्याने तिचं तिकीट पक्कं झालं होतं. आता अडवू शकेल असा एकच माणूस होता आणि तो दुसऱ्या दिवशी हो म्हणून सुटणार होता. मी वल्लरीला प्रणिताच्या नोटिशीचं सांगितलं. तेवढंच सांगितलं, वर एक अक्षर बोलले नाही. तिने मान डोलावली आणि बादली घेऊन अंगणात गेली.

गुरुवारी सकाळी वल्लरी डायनिंग टेबलाशी बसली. "आई, तू जरा बाहेर जा. हे बोलणं खासगी असतं."

मी धुतलेले कपडे घेऊन बाहेर गेले. आता कपडे वाळत घालायची दोरी स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच बांधलीय, त्याला मी काय करणार? मीडिएटरचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं, वल्लरीचं येत होतं. सगळं इंग्रजीत, पण मी माझ्या भाषेत सांगते.

"किया ओरा," इथला नमस्कार घालून ती म्हणाली, "हो, मीच बोलतेय."

"हो, वाचलाय."

"हो, समजलं. नंतर बदलता येत नाही, समजलं."

 माझ्या हातात श्रीनाथरावांचा ओला शर्ट होता, तो मी पिळत राहिले.

"मला एक विचारायचंय," वल्लरी म्हणाली. "एखाद्या मुलीनं मला विचारलं की मी तिथे सुरक्षित असेन का, तर मी तिला काय सांगायचं?"

पलीकडचं उत्तर मला ऐकू आलं नाही.

"ते वाक्य मला पाठ आहे. मला पण कुणीतरी तेच वाक्य सांगितलं होतं."

आणि मग, अगदी सावकाश, "नाही. माझं हो नाही. प्लीज, सही करू नका."

मी शर्ट तसाच दोरीवर टाकला, चिमटासुद्धा लावला नाही. वल्लरी दारात आली. चेहरा पांढराफटक, पण डोळे कोरडे.

"ऐकलंस ना सगळं?"

"अर्धंच," मी म्हणाले.

"आत ये. उरलेलं सांगते. पण आधी प्रणिताला सांगायचंय, मग एकदमच दोघी ऐका. मला दोनदा नाही जमणार."

तिने आधी वकीलबाईंना फोन केला. त्यांनी सांगितलं ते तिने मलाही सांगितलं. मध्यस्थासमोर जे बोलणं झालं, कुणी काय देऊ केलं, ते बाहेर काढायचं नाही. आणि आपण आता बोललो तर कंपनी चिडेल, कदाचित पूर्ण मागे हटेल, याची तयारी हवी. पण सही झालेली नाही, आणि तू नाही म्हटल्यावर तोवर गप्प राहायची बोलीही संपली, तेव्हा तुझ्यावर जे गुदरलं ते तुझं आहे. जेवढं घडलं तेवढंच सांग, एक शब्द वाढवून सांगू नकोस.

मग प्रणिताला फोन लावला, स्पीकरवर. पोरीचा आवाज कोवळा, उत्साहाने ओसंडणारा. "हाय ताई! मी हीप्स एक्सायटेड आहे! सांग ना, कंपनी कशी आहे?"

वल्लरीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मराठीत सांगायला सुरुवात केली. तिचा वरिष्ठ ग्रँट. आधी तिच्या बोलण्याच्या ढबीची नक्कल करायचा, सगळ्यांसमोर, आणि सगळे हसायचे. मग मशीन तपासताना मागे येऊन उभं राहणं, कमरेला हात लावणं. ती बाजूला झाली की, तुम्हा इंडियन बायकांना विनोद कळत नाही. मग हॅमिल्टनला कामासाठी गेले असताना मोटेलच्या दारावर थापा, पुन्हा पुन्हा, आणि ही आत दाराला खुर्ची लावून बसलेली. तिने तक्रार केली तेव्हा तो गैरसमज ठरला. मग तिच्याकडचं डिझाइनचं काम काढून घेतलं आणि तिला जुनी ड्रॉइंग्ज आवरत बसवलं.

मला हे जाणून घ्यायचं होतं, महिनाभर मी त्यासाठी जीव टाकत होते. आणि आता कळलं. दाराला खुर्ची लावून बसलेली माझी लेक मला दिसत होती. त्या रात्री मी पुण्यात काय करत असेन? टीव्ही बघत असेन. मला त्या माणसाचा राग आला, आणि त्याहून जास्त राग स्वतःचा आला. या मुलीच्या हातून काहीतरी चूक झाली असेल, म्हणून मी तिची लाज बाळगत होते.

प्रणिताने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, मी नाही जाणार. थँक यू." आणि रडक्या आवाजात, "आईला देते."

वसुंधरा मला म्हणाली, "वासंतीताई, तुम्ही सोन्यासारखी म्हणाला होतात."

"म्हणाले," मी म्हटलं. "चुकले, वसुंधरा."

तिने फोन ठेवला. अजूनही ती माझ्याशी जरा तुटकच बोलते, आणि बोलावं तिनं.

कंपनी चिडली. पत्रं गेली, पत्रं आली. श्रीनाथरावांनी ओव्हरटाइम धरला. शेवटी तडजोड झाली, पण वेगळी. पैसे पहिल्यापेक्षा कमी, आणि किती ते कुणाला सांगायचं नाही. मला ते जाणून घ्यायचंही नाही. शिफारसपत्र मिळालंच नाही. पण ते ठरावीक वाक्य कागदातून गेलं, आणि स्वतःवर काय गुदरलं ते सांगायला वल्लरी मोकळी राहिली. मीडिएटरचा पुन्हा फोन आला तेव्हा ती ठाम आवाजात हो म्हणाली. नोकरी अजून मिळालेली नाही. अर्ज चालू आहेत.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही बाजारातून आलो. मी कारली चिरायला घेतली. वल्लरी माझ्यासमोर बसली आणि तिने एक जुना नंबर शोधून स्पीकरवर लावला.

"अनुष्का? मी वल्लरी. तुझ्यानंतर त्या जागेवर आले होते ती."

 पलीकडून एक सावध आवाज आला, "मला काही बोलता येणार नाही हं, वल्लरी."

"माहीत आहे. तू बोलू नकोस. मी माफी मागायला फोन केलाय, तुला मी शिष्ट समजले होते. आणि मला माझं सांगायचंय. तू नुसतं ऐक. ऐकायला काही मनाई नाही."

आणि तिने सगळं सांगितलं. नक्कल, मशीनपाशी मागे येणं, हॅमिल्टन, ती खुर्ची. पलीकडून एक शब्द आला नाही. खुर्चीपाशी फक्त श्वास जोरात ऐकू आला, आणि वल्लरी तिथे थोडी थांबली, मग पुढे गेली.

संपल्यावर ती म्हणाली, "अनुष्का, डॉक्टरला सांगता येतं हं. माझ्या कागदात तशी सूट होती. तुझ्यातही बहुतेक असेल."

"मी तो कागद परत उघडलाच नाही गं," अनुष्का म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "डॉक्टरकडे जाते मी. झोप येत नाही म्हणून. ते दर वेळी विचारतात, कशामुळे? मी सांगते, थंडीमुळे."

वल्लरीने डोळे मिटून घेतले. मी कारलं खाली ठेवलं.

"कुठे आहे तो कागद?" वल्लरीने विचारलं.

"कपाटात. वरच्या फळीवर."

"घेऊन ये. मी थांबते फोनवर. आपण दोघी मिळून वाचू."

पलीकडे स्टूल सरकवल्याचा आवाज आला. मग कपाटाचं दार. मला ऐकायचं होतं, खोटं कशाला सांगू, कान तिकडेच लागले होते. पण ही गोष्ट माझ्या लेकीची नव्हती. ती त्या पोरीची होती, आणि कुणाला सांगायची ते तिला आता कुठे कळणार होतं.

मी उठले, हात पुसले आणि अंगणात गेले. खिडकीखालच्या दोरीपाशी थांबले नाही. पार कुंपणाजवळच्या फेइजोआपर्यंत गेले आणि खाली पडलेली फळं वेचत बसले.